वाढवलेल्या बांगडीचं माप

प्रश्न : आईच्या हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा माझ्याकडे आहे. बाकीच्या सगळ्या वाढवल्या. तिच्याच मापाच्या बांगड्या हव्यात. तुकड्यावरून माप निघेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : निघेल. तुकडा कागदावर ठेवा आणि आतल्या कडेने टोकदार पेन्सिल फिरवा. बाहेरची कड नको, कारण बांगडीचं माप आतल्या व्यासावर असतं. त्या कंसाची दोन टोकं पट्टीने जोडा, ही झाली जीवा. जीवेच्या मध्यावर काटकोनात कंसापर्यंत रेघ काढा, हा शर. धनुष्य, त्याची दोरी आणि बाण! आता अर्ध्या जीवेचा वर्ग करा, त्याला शराने भागा आणि आलेल्या उत्तरात शर मिळवा. थेट व्यास हाती येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) हीच रीत आहे. वर्गात आयुष्यभर ‘त्रिज्या, त्रिज्या’ करणाऱ्या मला ती निवृत्तीनंतर जास्त आवडू लागली.

समजा जीवा 40 मिमी, शर 7.5 मिमी. 20 चा वर्ग 400, भागिले 7.5 म्हणजे 53.3, अधिक 7.5. व्यास 60.8 मिमी, म्हणजे 2.39 इंच.

आता घाईने ‘दोन-चार द्या’ म्हणू नका. मी म्हणालो होतो आणि त्या बांगड्या सौभाग्यवतींच्या अंगठ्याशीच अडल्या. गणिताच्या मास्तराला दशांश चिन्ह नडलं, हे घरात अजून ऐकवलं जातं. बांगडीतला दुसरा आकडा दशांश नसतो, इंचाचा सोळावा भाग असतो, रुपयाचे सोळा आणे तसा. 2-4 म्हणजे सव्वादोन इंच, 2-8 म्हणजे अडीच, आणि म्हणूनच 2-10 ही 2-8 पेक्षा मोठी. आपल्या 0.39 ला 16 ने गुणा, सहाच्या जरा वर येतं. माप 2-6.

एक धोका आहे. शर मोजताना अर्धा मिमी चुकून 8 धरलात, तर व्यास 58 वर येतो आणि माप 2-4 कडे घसरतं. तुकडा लहान असेल तर हे हमखास होतं. म्हणून पडताळा घ्या. कंपासला मात्र त्रिज्याच लागते : 28.6 मिमीचं एक वर्तुळ (2-4) आणि 30.2 चं दुसरं (2-6) काढा. तुकड्याची आतली कड ज्याच्या रेघेवर फट न राहता बसेल, ते माप. दोन्हींवर फट दिसली तर 31.8 चं, म्हणजे 2-8 चं वर्तुळ काढून बघा. कासाराकडे जाताना तुकडा कापसात गुंडाळून सोबत न्या, हिरवा रंगही जुळवता येईल.