पितळी टेबल लॅम्पला हात लावला की बारीक करंट येतो, वायर घरी बदलता येईल का?

येईल की. आणि इलेक्ट्रिशियन म्हणाला म्हणून टाकून वगैरे देऊ नका, भंगारवाला फक्त पितळेच्या वजनाचे पैसे देईल. (तो का म्हणतो तेही कळतं, अर्धा दिवस खोलाखोली करून त्याला सुटतं काय.) फक्त आत्ताच्या आत्ता प्लग काढून ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत परत लावू नका.

तुम्ही लिहिलंय की आजीच्या घरातला लॅम्प आहे, दोन पिनांचा प्लग, कापडी वायर, आणि वायर वाकवली की आतून काळा भुगा पडतो. त्या भुग्यातच सगळं आलं. त्या काळच्या वायरीत तांब्याच्या तारांवर रबर असायचं आणि वरून सुती नाहीतर रेशमी विणलेलं कव्हर. रबर उष्णतेने वाळतं, तडकतं, शेवटी त्याचा चुरा होतो आणि कापड मात्र बाहेरून धडधाकट दिसत राहतं. साध्या फिलामेंटच्या बल्बात नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नुसती उष्णता म्हणून जाते आणि होल्डर बरोब्बर पितळी नळीच्या तोंडावर बसलेला, म्हणजे वायरीचा सगळ्यात खराब भाग नळीच्या आत, होल्डरखालच्या वीतभर लांबीत, जिथे कुणी बघत नाही. तिथे उघडी तार पितळेला टेकली की सगळा स्टँडच लाईव्ह होतो. म्हणून बाहेरची वायर कापून नवीन तुकडा जोडायचा आणि वर टेप गुंडाळायची हा प्रकार करू नका. वायर पूर्ण जाणार, होल्डर जाणार, स्विच आणि प्लगही जाणार. आजीची आठवण पितळेत आहे, वायरीत नाही.

आता माझा खरा आग्रह. नवीन वायर तीन कोअरची घ्या (आत तीन वेगळ्या तारा: करंट आणणारी फेज, परत नेणारी न्यूट्रल आणि अर्थिंगची) आणि प्लग तीन पिनांचा लावा. दुकानदार म्हणेल टेबल लॅम्पला कशाला अर्थिंग, दोन कोअर बास होते, सगळे तेच नेतात. ऐकू नका. प्लास्टिकचा लॅम्प असता तर ठीक होतं पण धातूचा स्टँड, २३० व्होल्ट आणि आपण तो उचलून इकडून तिकडे ठेवणार, लहान पोरं हात लावणार, मग अर्थिंग हवंच. दुसरं कारण असं की दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे स्विच फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये याची काही गॅरंटी नाही, म्हणजे स्विच बंद करून बल्ब काढायला जावं तर होल्डरमध्ये फेज तसाच. तीन पिनांचा प्लग एकाच बाजूने बसतो, तो गोंधळ संपतो.

पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, एका फेरीत सगळं सामान मिळतं आणि काहीशे रुपयांत काम होतं. वायर गोल, फ्लेक्झिबल, ०.७५ स्क्वेअर एमएम, तीन कोअर मागायची. जुने दुकानदार अजून तेवीस-छत्तीस म्हणतात, म्हणजे ३६ गेजच्या २३ तारा, साधारण त्याच जाडीची. ९ वॉटचा एलईडी जेमतेम ४० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा करंटसाठी एवढ्या जाडीची काही गरज नाही, पण वायर ओढली जाते, टेबलाच्या पायाखाली चेपते, तिला ताकद हवी. जुना लूक हवाच असेल तर आतून पीव्हीसी आणि वरून कापडी विणीची नवीन वायर ऑनलाईन मिळते, फक्त तीन कोअर आहे ना ते बघून घ्या. सोबत रबरी ग्रोमेट (भोकाच्या काठाला बसणारी कडी), अर्थिंगसाठी गोल भोकाचं थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं) आणि थोडी फायबर ग्लासची स्लीव्ह (तारांवर चढवायची नळी).

खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक वॉशर कुठे होता ते नंतर आठवत नाही. बेसच्या खाली बहुतेक फेल्ट चिकटवलेलं असतं, हेअर ड्रायरने जरा गरम केलं की न फाटता सुटतं. त्याखाली नट, आणि तो जाम असणार हे धरूनच चाला. रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडून रात्रभर ठेवा. पितळेचे आटे मऊ असतात, पान्याने जोर केला की गेलेच, आणि पक्कड लावायची तर मध्ये कापड घ्या नाहीतर दातांचे ओरखडे कायमचे राहतात. जुनी वायर अजून एकसंध असेल तर तिच्या टोकाला दोरा बांधा आणि खालून ओढा, दोरा नळीत आला की त्याच दोऱ्याने नवीन वायर वर घ्यायची. तुटून आली तर सायकलच्या ब्रेकची तार आत घालून काम होतं.

गोल तीन कोअर वायर कधीकधी नळीत मावतच नाही. मग वरचं जाड कव्हर बेसच्या आत आल्यावर सोला, हिरवी म्हणजे अर्थिंगची वायर तिथेच थिंबल लावून बेसला कसा आणि उरलेल्या दोनच कोअर स्लीव्ह घालून वर न्या. थिंबल जिथे बसतं तिथलं लॅकर (पितळेवरचा पारदर्शक थर) किंवा रंग खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे, लॅकरवर कसलेलं अर्थिंग काही कामाचं नाही. वायर बेसच्या भोकातून आत येते तिथे ग्रोमेट बसवा आणि आतल्या बाजूला क्लॅम्प लावा, म्हणजे कुणी वायरीत पाय अडकवला तर ओढ स्क्रूंवर येणार नाही.

होल्डर बदलताना आपल्याकडचा नेहमीचा पिनवाला म्हणजे बी-२२ घ्या, त्याचे बल्ब कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. जुन्यातल्या दोन स्प्रिंगच्या खुंट्या ढिल्या होऊन काळ्या पडतात, त्याने बल्ब फडफडतो. लोक स्प्रिंग ताणून परत वापरतात, मला ते पटत नाही. आट्यांचा होल्डर लावणार असाल तर फेज मधल्या तळाच्या पत्तीला आणि न्यूट्रल आट्यांच्या कड्याला, कारण बल्ब फिरवताना बोट कड्याला लागू शकतं. स्विच फेजच्या वायरीतच. तारांचे केस सुटे ठेवू नका, पीळ देऊन दुमडा आणि मग स्क्रूखाली घाला. शिसं लावून म्हणजे सोल्डर करून स्क्रूखाली देऊ नका, ते दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू सैल होतो.

लावण्याआधी मल्टीमीटर. प्लगची मोठी (अर्थिंगची) पिन आणि स्टँडचा प्रत्येक धातूचा भाग, नळी, होल्डरची कडी, सगळीकडे जवळजवळ शून्य ओहम आलं पाहिजे. कुठे नाही आलं तर तो भाग अर्थिंगला जोडलेला नाही, सांधे घासून परत कसा. दोन बारीक पिनांपासून स्टँडपर्यंत मात्र अजिबात बीप नको, स्विच चालू ठेवूनही आणि बंद ठेवूनही. मग शक्य असेल तर इलेक्ट्रिशियनकडच्या सिरीज बोर्डवर पहिल्यांदा लावा, ज्यात १०० वॉटचा जुना बल्ब सिरीजमध्ये असतो, म्हणजे करंट त्याच्यातूनच पुढे जातो. सगळं ठीक असेल तर तुमचा एलईडी लागेल आणि तो मोठा बल्ब अंधाराच असेल, कुठे शॉर्ट असेल तर मोठा बल्ब भक्कन पेटेल, ना फ्यूज उडणार ना ठिणगी.

एक गोष्ट लॅम्पच्या बाहेरची आहे पण सांगतो. वाड्यांत, चाळींत बऱ्याच ठिकाणी बोर्डावर तिसरं भोक असतं आणि मागे वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही जण आतल्या आत न्यूट्रलचा जंपर मारून, म्हणजे न्यूट्रलपासून अर्थिंगच्या भोकाला तारेचा तुकडा जोडून, अर्थिंग असल्याचं दाखवतात, आणि मग मागे कुठे न्यूट्रल तुटला की तुम्ही एवढ्या मेहनतीने जोडलेल्या त्याच हिरव्या वायरीतून फेज थेट स्टँडवर येतो. म्हणून सॉकेट एकदा उघडून तपासून घ्या, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्याच. ही दोन कामं मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

पितळ घासायचं असेल तर सगळं सुटं असतानाच, चिंच नाहीतर पितांबरी, धुऊन पूर्ण वाळवून मगच वायर. मी स्वतः काळसर रंग तसाच ठेवतो, चकाचक केलं की लॅम्प कालच दुकानातून आणल्यासारखा दिसतो. आधी कोपऱ्यात घासून बघा, फॅक्टरीचं लॅकर असेल तर ते पट्ट्यापट्ट्यांनी निघतं आणि फार वाईट दिसतं. शेड जुनी कागदी किंवा कापडी असेल तर एलईडीच लावा, ७ ते ९ वॉटचा पिवळसर उजेडाचा घेतला की जुन्या ६० वॉटच्या जवळपास प्रकाश पडतो आणि शेड करपत नाही.

मामांनी अमेरिकेतून आणलेल्या दुसऱ्या लॅम्पबद्दल विचारलंय. तिकडे १२० व्होल्ट असतात, पण साध्या लॅम्पमध्ये व्होल्टेजला बांधलेला असा फक्त बल्बच असतो. होल्डरवर २५० व्ही छापलेलं असेल (बहुतेकांवर असतं) तर आपला २३० चा आट्यांचा बल्ब त्यात बसतो आणि चालतो. प्लग अर्थात बदलायचा आणि स्टँड धातूचा असेल तर वायरसुद्धा वरच्यासारखीच तीन कोअर. पण हाताच्या स्पर्शाने लागणारा असेल, डिमर असेल किंवा आत ट्रान्सफॉर्मरवाला हॅलोजन असेल तर इथे लावल्या लावल्या जळेल. लावू नका, तळाच्या स्टिकरचा फोटो टाका, बघून सांगतो.