बसमधून उतरायला इंग्रजीत ‘अलाइट’ म्हटलं तर चालतं का?

चुकीचं नाही पण बोलताना कोणी म्हणत नाही, पणजीहून मडगावच्या बसमध्ये बसलात आणि मधे कुठ्ठाळीला उतरायचंय तर ‘आय वाँट टू गेट ऑफ ॲट कुठ्ठाळी’ म्हणा (कंडक्टरला कोकणीत सांगितलं तर अजून लवकर थांबवेल ते वेगळं). मी कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे, दिवसभर ब्रिटिश गिऱ्हाईक, बस कुठे सोडते विचारतात तेव्हा ‘वेअर डू वी गेट ऑफ’ असंच विचारतात, अलाइट कोणाच्याच तोंडात नाही. तो शब्द आता उरलाय तो मुख्यतः अनाउन्समेंटमध्ये आणि पाट्यांवर, लंडनच्या ट्यूबमध्ये (तिथली भुयारी रेल्वे) ‘अलाइट हिअर फॉर’ अमुक म्युझियम असं अजून ऐकू येतं. नाहीतर मग पुस्तकात पक्षी फांदीवर येऊन बसतो तिथे. आणि हो, गेट ऑफ बस, ट्रेन, फेरीबोट, स्कूटरसाठी, टॅक्सी किंवा कारमधून मात्र गेट आऊट, इथे बरेच जण गडबडतात. फक्त सिंगापूरला जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिकडे लोक रोजच्या बोलण्यातही ‘आय ॲम अलाइटिंग’ सर्रास म्हणतात.