डोंबिवलीहून अंधेरी किंवा लोअर परळ: दादरला उतरायचं का?

प्रश्न दोन आहेत: अंधेरीला जाताना दादरला गाडी बदलावी का, आणि लोअर परळसाठी काय करावं. शिवाय फलाटांचे नंबर.

आधी नंबर. 9 डिसेंबर 2023 पासून दादरचे फलाट सलग मोजतात. पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले, मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. मध्यचा जुना 1 म्हणजे आता 8. जुना 2 फलाट रुंद करताना गेला, म्हणून जुना 3 झाला 9 आणि जुना 8 झाला 14. पूर्वी दोन्ही बाजूंना 'एक नंबर' असायचा आणि नवखा माणूस हमखास पूल चढून भलतीकडे उतरायचा. कुणी तोंडी नंबर सांगितला तर नवा की जुना, ते आधी विचारा.

अंधेरीसाठी मात्र दादरला जाऊच नका. तो वळसा आहे: दक्षिणेला यायचं आणि परत उत्तरेला जायचं. घाटकोपरला उतरून मेट्रो घ्या. वर्सोव्यापर्यंतचा 11.4 किमीचा अख्खा मार्ग वीस-बावीस मिनिटांचा आहे, अंधेरी त्याच्या आतच येतं. काही फास्ट घाटकोपरला थांबत नाहीत, इंडिकेटर बघूनच चढा. सकाळी मेट्रोची रांग पुलापर्यंत येते, ती वेळ धरून निघा. रेल्वेचा पास घाटकोपरपर्यंतच काढा, मेट्रोचं तिकीट वेगळं.

लोअर परळला दोन वाटा. फास्टने दादर, पूल ओलांडून चर्चगेटची स्लो, मग प्रभादेवीनंतरचं स्टेशन. पास 'व्हाया दादर' काढला की मध्ये बाहेर पडून दुसरं तिकीट लागत नाही. गाडी बदलायला एरवी पाच मिनिटं पुरतात, गर्दीच्या वेळी दहा धरा. दोन गाड्या एकदम रिकाम्या झाल्या की उतरणारे आणि चढणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात. अशा वेळी रेटू नका, कठडा धरून एका बाजूने चला. 29 सप्टेंबर 2017 ला शेजारच्याच एल्फिन्स्टन रोडच्या (आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. एक लोकल चुकली तर चुकू द्या.

दुसरी वाट मला जास्त पटते: स्लोने थेट करी रोड आणि तिथून लोअर परळला चालत. गाडीत वेळ जास्त जातो, पण दादरचा जिना टळतो.

पावसाळ्यात कुर्ला-सायनच्या मध्ये पाणी साचलं की मध्यच्या गाड्या दादरपर्यंत पोचतच नाहीत. घाटकोपर त्याच्या अलीकडे आहे, त्यामुळे लोकल तिथवर येत असेल तर अंधेरीची वाट तेव्हाही उघडी असते.