व्हर्च्युअल टीपीएमसाठी कर्नल ड्रायव्हर लिहायचाय, पण क्रिप्टोग्राफी येत नाही. जमेल का?

तुमचा प्रश्न असा: मुंबईतलंच कॉलेज, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून व्हर्च्युअल टीपीएमचा, म्हणजे व्हीएमला (व्हर्च्युअल मशिनला) दिसणाऱ्या आभासी सुरक्षा चिपचा, लिनक्स ड्रायव्हर लिहायचा आहे. सी येतं, क्रिप्टोग्राफी येत नाही, खरी चिप हाताशी नाही. सुरुवात कुठून करू?

जमेल. क्रिप्टोग्राफीची धास्ती आधी मनातून काढून टाका. ड्रायव्हरला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. किल्ल्या तयार करायच्या, सह्या करायच्या, गुपितं सांभाळायची, हे सगळं चिप करते. चिप आभासी असेल तर बहुतेक वेळा होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्या मशिनवर चालते तिथे, चालणारा एक प्रोग्राम करतो. ड्रायव्हरने फक्त आज्ञेचे बाइट तिकडे न्यायचे आणि उत्तराचे बाइट इकडे आणायचे. मी पवईत एका कंपनीत व्हर्च्युअलायझेशनचं काम करतो. पहिला असा ड्रायव्हर माझ्याकडे आला तेव्हा मी महिनाभर आरएसए ही एन्क्रिप्शनची पद्धत वाचत बसलो होतो. त्यातली एकही गोष्ट ड्रायव्हरच्या कोडमध्ये लागली नाही. खरी मेहनत बाइटच्या ने-आणीत आहे आणि समोरून आलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवण्यात आहे.

खऱ्या चिपसाठी लॅमिंग्टन रोडला जायचीही गरज नाही. तिथे मदरबोर्डवर खोचायची टीपीएम मॉड्यूल मिळतात, पण कुठल्या बोर्डाला १४ पिनांचं लागतं, कुठल्याला २० पिनांचं. तुमच्या कामाला लॅपटॉप पुरे. होस्टवर एसडब्ल्यूटीपीएम चालवा, तो सॉफ्टवेअरमधली टीपीएम २.० चिप बनतो. त्याचं सॉकेट क्यूएमूला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला, द्या आणि व्हीएमला टीपीएम-सीआरबी हे डिव्हाइस जोडा. सीआरबी म्हणजे चिपशी बफरमधून बोलायची पद्धत. गेस्टमधल्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या, कर्नलमध्ये सीआरबीचा तयार ड्रायव्हर असतो, तो कॉन्फिगमधून बंद करा आणि त्या जागी तुमचा बसवा. तुमचा अडला तर तयार ड्रायव्हर परत चालू करून दोघांचं वागणं शेजारी ठेवून बघता येतं. शिकायला याच्याइतकी सोयीची मांडणी मला तरी दुसरी दिसलेली नाही.

क्यूएमू टीआयएस नावाचा जुना प्रकारही देतो. प्रोजेक्टसाठी तो नको. त्यात एकाच रजिस्टरमधून बाइट ढकलत बसावं लागतं, आणि एका वेळी किती ढकलायचे हे चिपला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. सीआरबीत लोकॅलिटी, म्हणजे चिप वापरायचा ताबा, मागायची, चिप तयार झाली की आज्ञा बफरमध्ये लिहायची, स्टार्ट रजिस्टरमध्ये १ टाकायचा आणि चिप त्याचा ० करेपर्यंत थांबायचं. ही रजिस्टरं कुठे आहेत ते एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या माहितीच्या, टीपीएम२ टेबलातून कळतं, आणि बफरचा पत्ता त्या रजिस्टरांतच असतो.

कर्नलच्या बाजूने पाहिलं तर ड्रायव्हर्स-कॅर-टीपीएम या फोल्डरमधला समाईक कोड बराचसा भार उचलतो. एका वेळी एकच आज्ञा जावी म्हणून लागणारं लॉक, किती वेळ वाट पाहायची त्याचा हिशेब, डेव्ह-टीपीएम० ही फाइल तयार करणं, सगळं तिथे आहे. तुम्ही टीपीएम_क्लास_ऑप्स हे स्ट्रक्चर भरायचं: पाठवणारं फंक्शन, उत्तर घेणारं फंक्शन, स्थिती सांगणारं, रद्द करणारं. मग चिप अलोकेट करायची आणि रजिस्टर करायची, म्हणजे कर्नलकडे तिची नोंद करायची. वाचायला टीपीएम_एसव्हीएसएम ही फाइल घ्या. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी व्हीएमसाठी, म्हणजे जिची मेमरी होस्टलाही वाचता येत नाही अशा व्हीएमसाठी, २०२५ मध्ये ६.१६ च्या कर्नलमध्ये आली. दोनशे ओळींच्याही आतली आहे, एका बैठकीत वाचून होते. ती झाली की टीपीएम_व्हीटीपीएम_प्रॉक्सी वाचा, २०१६ च्या ४.८ मधली. तिच्यात उत्तर देणारी बाजू एक साधा यूजरस्पेस (कर्नलबाहेर चालणारा) प्रोग्राम असते, त्यामुळे दोन्ही टोकं एकाच वेळी समजतात.

आता बाइटचं. टीपीएमच्या प्रत्येक आज्ञेला १० बाइटचं हेडर असतं: २ बाइटचा टॅग, ४ बाइटची एकूण लांबी, ४ बाइटचा आज्ञेचा क्रमांक. आठ रँडम बाइट मागायचे तर पूर्ण आज्ञा एवढीच:

८० ०१ ०० ०० ०० ०सी ०० ०० ०१ ७बी ०० ०८

हेक्समधला ०सी म्हणजे १२, आणि बाइटही मोजून बाराच आहेत. लांबीतला मोठा भाग आधी, लहान शेवटी, म्हणजे बिग-एंडियन. तुमचा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर मात्र लिटल-एंडियन. त्यात सीआरबीची रजिस्टरंही लिटल-एंडियन असतात, म्हणजे एकाच ड्रायव्हरमध्ये दोन्ही क्रम सांभाळायचे.

इथेच मी अडकलो होतो. आमच्या हायपरव्हायझरची (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) पद्धत वेगळी होती, होस्ट आणि गेस्ट यांच्यात मेमरीचं एक सामायिक पान. चिप रजिस्टर करण्याआधी चाचणी म्हणून मी वर दिलेली आज्ञा पाठवली. उत्तर आलं आणि व्हीएमचा कर्नल जागच्या जागी पॅनिक होऊन बंद पडला. कॉपी करायच्या आधी लांबी छापून पाहिली तर ३३,५५,४४,३२०. यायला हवे होते २० बाइट, १० हेडरचे, २ मोजणीचे आणि ८ रँडम. होस्टवाल्यांचा कोड चुकलाय असं धरून मी दोन दिवस त्यांच्या मागे लागलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी घरी निघालो, रिक्षा गांधीनगरच्या सिग्नलला अडकली, आणि सहज म्हणून तो आकडा फोनच्या कॅल्क्युलेटरवर हेक्समध्ये बदलला: १४००००००. उलटीकडून वाचला तर ००००००१४, म्हणजे बरोबर वीस. बाइटचा क्रम उलटवणारी एक ओळ मी लिहिली नव्हती, आणि आलेल्या लांबीवर डोळे झाकून मेमकॉपी केली होती. लॅपटॉप कांजूरमार्गच्या प्लॅटफॉर्मवरच उघडला.

दोन चुका होत्या, आणि दुसरी जास्त गंभीर. क्रम चुकला तर पहिल्या दिवशी कळतं. लांबी न तपासणारा कोड वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि एक दिवस कुणीतरी मुद्दाम खोटी लांबी पाठवतं. म्हणून उत्तर घेणाऱ्या फंक्शनमध्ये तीन गोष्टी बघा: लांबी १० पेक्षा कमी नाही ना, पानापेक्षा मोठी नाही ना, आणि कर्नलने दिलेल्या बफरमध्ये मावते ना. एक जरी चुकली तर एरर परत करा. याच्या पुढची पायरी बऱ्याच लोकांकडून राहते. हेडर आधी स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या आणि तपासणी व कॉपी दोन्ही त्या प्रतीवरून करा. सामायिक पानावरून लांबी दोनदा वाचलीत, तर दोन वाचनांच्या मधे होस्ट ती बदलू शकतो. होस्टवरही भरवसा ठेवायचा नाही, याच पायावर एसईव्ही-एसएनपीसारख्या व्हीएम उभ्या असतात.

सामायिक पानाच्या वाटेने गेलात तर फंक्शनच्या स्टॅकवरचा बफर होस्टला देऊ नका. कर्नल ४.९ पासून एक्स८६ वर स्टॅक व्हर्च्युअल मेमरीतून घेता येतो, आणि मग त्याची पानं फिजिकल मेमरीत सलग असतीलच असं नाही. वेगळं पान घ्या, त्यात कॉपी करा, त्याचा पत्ता द्या.

चिप रजिस्टर करताना २५६ नंबरचा टीपीएम एरर दिसला तर घाबरू नका. २५६ म्हणजे हेक्समध्ये १००, चिप सांगतेय की मला अजून स्टार्टअप मिळालेलं नाही. खऱ्या मशिनवर ते काम फर्मवेअर करतं, आपल्या व्हीएममध्ये कुणी केलंच नसेल तर हा एरर येतो. ऑप्समध्ये ऑटो-स्टार्टअपचा फ्लॅग लावा, बाकी कर्नल बघतो.

ड्रायव्हर खरंच चालतोय हे परीक्षकांना दाखवायला रँडम आकडे पुरत नाहीत, ते कुठूनही येऊ शकतात. पीसीआर १६ घ्या. पीसीआर म्हणजे चिपमधलं हॅश साठवणारं रजिस्टर. तो डीबगसाठी राखलेला आहे, रीसेट करता येतो, आणि रीसेटनंतर सगळी शून्यं असतात. टीपीएम२-टूल्स या कमांडच्या संचाने त्यात एक हॅश एक्स्टेंड करा, म्हणजे जुन्या किमतीपुढे तो जोडून दोन्हींचा नवा हॅश चिपला काढायला लावा. मग हातानेच ३२ शून्य बाइट आणि त्यापुढे तो ३२ बाइटचा हॅश एका फाइलमध्ये जोडून तिचा एसएचए-२५६ काढा. दोन्ही उत्तरं अक्षरशः जुळली पाहिजेत. माझी पहिल्यांदा जुळली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि शेजारच्या खोलीत आई झोपली होती म्हणून मी ओरडलो नाही. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये टीपीएम२ नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या चाचण्याही चालवा. शेवटी डेव्ह-टीपीएम० उघडी असताना मॉड्यूल काढून बघा. आधी चिप अनरजिस्टर, मग पान मोकळं, हा क्रम चुकलेला असेल तर तिथे उघडा पडतो.

व्हायव्हात एक प्रश्न हमखास येईल: ही आभासी चिप खऱ्या चिपइतकी सुरक्षित आहे का? नाही, आणि तसं स्पष्ट सांगा. एसडब्ल्यूटीपीएमची सगळी गुपितं होस्टच्या डिस्कवर एका फाइलमध्ये असतात. ती फाइल किल्ली देऊन एन्क्रिप्ट करता येते, पण होस्टवर रूट असलेल्या माणसापासून तेवढ्याने ती सुरक्षित राहत नाही. आणि त्या फाइलसकट व्हीएमचा क्लोन काढला तर गुपितांचाही क्लोन निघतो. एसव्हीएसएमच्या, म्हणजे एसईव्ही-एसएनपी व्हीएममधल्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या, मांडणीत चिप व्हीएमच्याच आत, पण ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा वरच्या अधिकारावर चालते आणि होस्टला तिची मेमरी वाचता येत नाही. टीपीएम_एसव्हीएसएम आधी वाचा म्हणतोय त्याचं हेही एक कारण.

अडलात तर इथेच खाली विचारा. डीमेसेजचा, म्हणजे कर्नलच्या लॉगचा, मजकूर पूर्ण चिकटवा, आणि सोबत पाठवलेल्या व आलेल्या बाइटची हेक्स यादी द्या. ती असली की चूक कुठे आहे ते सांगायला फार वेळ लागत नाही.