वाचकांचे प्रश्न : सेन्सर संचाने वाइन ओळखताना

प्रश्न : सहा इलेक्ट्रोडच्या संचाने बारा रेड वाइनचं व्होल्टामेट्रीने (व्होल्टेज बदलत नेऊन विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीने) मापन केलं, प्रत्येकीचं पाच वेळा. पीसीएच्या (अनेक आकड्यांचा सारांश दोन-तीन अक्षांवर मांडणाऱ्या सांख्यिकी पद्धतीच्या) आलेखात बाराही गट सुटे, नेटके पडले. आठवड्याने तेच मापन पुन्हा केलं तर सगळे ठिपके सरकलेले. यंत्र बिघडलं आहे का?

उत्तर : यंत्राला दोष देण्याआधी इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग बघा. रेड वाइनमधल्या पॉलिफेनॉलचं (रंग आणि तुरटपणा देणाऱ्या संयुगांचं) ऑक्सिडेशन झालं की क्विनोन नावाचे रेणू बनतात. ते एकमेकांना जोडले जाऊन कार्बनवर पातळ थर चढतो आणि प्रत्येक फेरीत विद्युतप्रवाहाच्या आलेखातलं शिखर थोडं खाली येतं. एका वाइनची पाचही मापनं तुम्ही सलग घेतली असतील, तर पहिल्या दिवसाचे सुरेख गटही काही अंशी या थराचेच असू शकतात. म्हणजे आलेखात वाइनऐवजी मापनाचा क्रम दिसतो आहे. म्हणून साठही मापनांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या कठीण, गुळगुळीत कार्बनचा) इलेक्ट्रोड प्रत्येक नमुन्यानंतर ओल्या मखमली पॅडवर ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने मिनिटभर घासा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि मिनिटभर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा. दिवसाच्या सुरुवातीला ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १ मिलिमोलर फेरीसायनाइड घेऊन तपासणी करा. ऑक्सिडेशन आणि क्षपण यांच्या दोन शिखरांमधलं अंतर ५९ मिलिव्होल्टच्या आसपास हवं. ते ८०च्या पुढे गेलं तर पुन्हा पॉलिश करा, तसंच मोजायला बसू नका.

रेड वाइन थेट न मोजता दहापट विरळ करा, पण पाण्याने नाही. पाण्याने अल्कोहोलचं प्रमाण आणि पीएच दोन्ही बदलतात. १२ टक्के इथेनॉल आणि लिटरला ५ ग्रॅम टार्टारिक आम्ल घेऊन सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ३.६ वर आणलेलं द्रावण वापरा. हेच कोरं द्रावण आणि एक ठरलेली संदर्भ वाइन दर पाच-सहा नमुन्यांनंतर मोजत राहा. सरकणं किती आणि कोणत्या दिशेने, हे त्यातूनच कळतं.

बाटली आठवडाभर उघडी होती का, हेही आठवून पाहा. तसं असेल तर वाइनच बदलली आहे, तिचा मुक्त सल्फर डायऑक्साइड घटला आहे. हा घटक फसवा आहे. तो इलेक्ट्रोडवर तयार झालेल्या क्विनोनला पुन्हा फेनॉलमध्ये परतवतो, त्यामुळे शिखर वाढतं आणि वाइनमध्ये पॉलिफेनॉल जास्त असल्याचा भास होतो. थोडं अ‍ॅसिटाल्डिहाइड घालून तो बांधून टाका (वाफा बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडखालीच!) आणि आधीच्या व नंतरच्या आलेखांची तुलना करा.

प्रश्न : संचात किती इलेक्ट्रोड असावेत?

उत्तर : संख्येपेक्षा वेगळेपण महत्त्वाचं. सोनं, प्लॅटिनम, ग्लासी कार्बन आणि थॅलोसायनिन (एक रंगद्रव्य) मिसळलेली एक-दोन कार्बन पेस्ट, एवढ्यात चांगली सुरुवात होते. दोन इलेक्ट्रोडचे आलेख नेहमीच सारखे येत असतील तर एक काढून टाका.

प्रश्न : याच माहितीवर शिकवलेल्या आमच्या संगणकी मॉडेलने ९८ टक्के वाइन बरोबर ओळखल्या. हा आकडा प्रबंधात द्यावा का?

उत्तर : बारा बाटल्यांची साठ मापनं म्हणजे साठ स्वतंत्र नमुने नव्हेत, बाराच. एका बाटलीची चार मापनं शिकवणीत आणि पाचवं परीक्षेत गेलं, तर मॉडेलने बाटली ओळखली, वाइन नव्हे. प्रत्येक प्रकारच्या निदान काही बाटल्या वेगवेगळ्या आणा आणि परीक्षेसाठी अख्खी बाटलीच बाजूला ठेवा. त्याहून कडक कसोटी म्हणजे एका दिवसावर शिकवून दुसऱ्या दिवशी परीक्षा. आकड्यांची सरासरी शून्यावर आणून त्यांचं माप एकसारखं करण्यासाठी लागणारे आकडेही फक्त शिकवणीच्या नमुन्यांवरून काढा. आकडा खाली येईल, पण तोच द्या.

प्रश्न : भेसळीतलं मिथेनॉल या संचाने पकडता येईल का?

उत्तर : नाही. कार्बन इलेक्ट्रोडवर व्होल्टेजच्या या पट्ट्यात मिथेनॉलचा संकेतच येत नाही. प्लॅटिनमवर त्याचं ऑक्सिडेशन होतं, पण इथेनॉलचंही होतं आणि ते कितीतरी जास्त असतं. इथे जिवाचा प्रश्न आहे. नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीलाच पाठवा.