प्रश्न वाचकांचे: परत न करायची मदत आणि परत करायचे कर्ज

प्रश्न : माझी आई रामकुंडाजवळ पूजासाहित्य विकते. कोरोनाच्या काळात तिने महापालिकेच्या शिफारशीवर दहा हजार रुपये घेतले आणि ते सगळे फेडले. परदेशात छोट्या दुकानदारांना मिळालेले पैसे परत मागितले गेले नाहीत, असे ऐकले. आता ओळखीतले एक गृहस्थ सांगतात की आईचे ‘कोविड अनुदान’ मंजूर होऊन पडून आहे. आधार, पासबुक आणि फाइलचा खर्च द्या. द्यावा का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : देऊ नये. कागदपत्रांच्या प्रती आधीच दिल्या असतील, तर बँकेच्या शाखेत तसे कळवून ठेवावे आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

आपण ऐकले ते खरे आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली, मालमत्ता करात लहान व्यवसायाची सवलत असलेल्या दुकानांना स्थानिक परिषदांमार्फत १०,००० पौंड देण्यात आले आणि ते परत करायचे नव्हते. अमेरिकेत कामगारांच्या पगारासाठी दिलेली कर्जे अटी पाळणाऱ्यांना माफ झाली. आपल्याकडे मात्र मुख्य भर कर्जावर राहिला. आपल्या आईंनी घेतलेली रक्कम वर्णनावरून पीएम स्वनिधी योजनेची दिसते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १०,००० रुपयांचे खेळते भांडवल विनातारण मिळत असे आणि ते वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेडायचे असे. त्यात अनुदानाचा भाग एवढाच, की हप्ते वेळेवर भरणाऱ्याला ७ टक्के व्याज दर तिमाहीस खात्यात परत मिळे आणि डिजिटल व्यवहारांवर महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये जमा होत.

म्हणून आईंचे त्या वर्षाचे पासबुक काढून पाहावे. हप्ते नियमित असतील, तर पहिल्या तिमाहीची सुमारे १६० रुपयांची आणि पुढे उतरत जाणारी अशी जमा दिसेल. वर्षभराचे मिळून पावणेचारशेच्या आसपास. ती दिसत नसेल, तर कर्ज देणाऱ्या शाखेतच लेखी विचारणा करावी. कर्ज फिटलेले असल्यामुळे पुढच्या टप्प्याचे कर्जही त्यांना मागता येईल. २०२५ मधील फेररचनेनंतर दुसरा टप्पा २५,००० रुपयांचा आहे.

निव्वळ मदत राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केली होती : नोंदणीकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये. मंदिरे मार्च ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ बंद असताना घाटावरच्या विक्रेत्याला ही रक्कम किती पुरली असेल, हे आपल्या आईच सांगू शकतील. त्यातही ज्यांचे नाव नोंदीत नव्हते त्यांना तेवढेही नाही, आणि आमच्या मते खरी अडचण तीच होती. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हावे लागते. आईंचे विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणीकृत फेरीवाला असल्याचा महापालिकेचा कागद, झाले नसेल, तर ते आधी करून घ्यावे. सिंहस्थात घाटावरच्या जागा हलवल्या जातील तेव्हाही हाच कागद विचारला जाईल.

प्रश्न : आमचे अंबडला लहान वर्कशॉप आहे. २०२० मध्ये सरकारची १०० टक्के हमी असलेले तातडीचे कर्ज घेतले होते. काही हप्ते थकले आहेत. हमी असताना बँक आमच्याकडे तगादा का लावते?
— एक वाचक, अंबड

उत्तर : ती हमी बँकेला दिलेली आहे, आपल्याला नव्हे. कर्ज बुडाल्यास हमी देणारी संस्था बँकेची भरपाई करते, परंतु आपले देणे त्यामुळे मिटत नाही आणि वसुली चालूच राहते. आपल्या जुन्या कर्जाचे तारण या कर्जालाही दुय्यम बोजा म्हणून (जुन्या कर्जानंतरचा दुसरा हक्क) लागू असण्याची शक्यता आहे. त्यामुळे शाखेत जाऊन हप्त्यांची फेरआखणी लेखी मागावी, आणि कर्ज फिटल्यावर हा बोजा उतरवल्याचे पत्र आठवणीने घ्यावे.