सोयाबीनच्या मुळांवर गाठी का नाहीत?

प्रश्न : निपाणीजवळ आमचं काळं रान आहे. सोयाबीनला रायझोबियम (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) लावूनही गाठी धरल्या नाहीत. हरभऱ्याचं उरलेलं पाकीट वापरलं होतं. चुकलं कुठं?

उत्तर : पाकिटातच चुकलं. हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनच्या मुळावर गाठी करत नाहीत. सोयाबीनचं ब्रॅडीरायझोबियमच हवं. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत दोन्ही वाचा.

दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरे. गूळ पाण्यात उकळून पूर्ण गार करा, गरम पाण्यात जिवाणू दगावतात. त्यात जिवाणू खत कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळा, सोयाबीनचं साल लगेच सुटतं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, वाळल्यावर जिवाणू, नेहमी शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलंत की सगळी मेहनत वाया.

पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी गाठी बघताना रोप ओढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं मातीसकट काढा, पाण्यात धुवा, गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती हवेतला नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर उपयोग नाही. आणि युरियाचा हात आवरा! आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचं टाळतं. खानापूरकडच्या तांबड्या, आम्ल जमिनीत मात्र माती तपासून आधी चुना द्यावा लागतो.